पाहुणे उठेपर्यंत

पिवळी पहिल्यांदा सासूबाईंच्या हातावर बसली, त्या सकाळी स्वयंपाकघरात कुणी मोठ्याने श्वाससुद्धा घेतला नाही.

खिडकी वीतभर उघडी होती. तिच्यातून सासूबाईंचा हात बाहेर गेला होता. तळवा वर, तळव्यावर चिमूटभर सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया. मागच्या अंगणात गुडघाभर बर्फ साचलेला. चिमणीहून लहान, पंखांवर पिवळा पट्टा असलेला तो पक्षी लाकडी तबकावरून उडाला, खिडकीच्या चौकटीवर टेकला आणि तिथून टुणकन अंगठ्याच्या बुडाशी आला. दाणा त्याने उचलला नाही. नुसता बसून राहिला, पिसं फुलवून, मान आत ओढून, लोकरीच्या लहानशा गुंड्यासारखा.

“बघ,” सासूबाई ओठ न हलवता म्हणाल्या. “ओळख पटली हिला.”

सूनबाई कामावर निघाली होती. कोटाची एक बाही घातलेली, दुसरी लोंबत, हातात गाडीची किल्ली. ती तशीच उभी राहिली. डेअरीच्या प्रयोगशाळेत ती दूध तपासायची. आलेल्या प्रत्येक टँकरमधलं दूध घ्यायचं आणि त्यात जे असायला नको ते आहे का, ते पाहायचं. इतक्या वर्षांत डोळ्यांना तसंच वळण लागलं होतं. “ही पाण्याकडेसुद्धा संशयाने बघते,” असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत. पण त्या सकाळी सूनबाईने पाहिलं ते एवढंच, की सासूबाई हसत होत्या आणि त्यांच्यासमोरची लापशीची वाटी रिकामी होती.

रिकाम्या वाटीचं मोल त्या घराला ठाऊक होतं. थंडी पडायच्या आधी सासूबाईंना त्यांच्या मुलाचं मूत्रपिंड बसवलं होतं. मुलगा पंधरवड्यात हिंडूफिरू लागला, पुढे घरोघरचे बंब दुरुस्त करायच्या कामावरही गेला. आई मात्र अंथरुणातून उठली ती नावापुरती. खाणं टाकलं. विचारलं की म्हणायच्या, “पोराचं काढून घेतलं, आता त्याच्या ताटातलंही घेऊ का?” वर हसायच्या, म्हणजे विनोद झाला असं आपण समजायचं. आयुष्यभर लोकांचे कपडे बेतणाऱ्या, शिवणाऱ्या, उसवणाऱ्या या बाईने शिवणयंत्रावरचं झाकणही काढलं नव्हतं.

मग मुलाने उरलेल्या फळ्यांचं ते तबक केलं. चार खांब, वर उतरतं छप्पर, खाली कडेची पट्टी. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर खांबाला अडकवलं, त्यात बिया ओतल्या, शेजारी चरबीचा गोळा टांगला. पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही. नंतर अशी झुंबड उडाली, की सासूबाई खुर्ची ओढून खिडकीशी बसल्या. पक्षी खात, तशा त्याही खाऊ लागल्या. प्रत्येकाला नाव पडलं. लाल छातीचा, सगळ्यांना हुसकावणारा तो हवालदार. तबकात फतकल मारून बसणारा गुबगुबीत होला म्हणजे विहीणबाई. आणि पिवळ्या पट्ट्यांचा तो किलबिलाट करणारा थवा म्हणजे पिवळ्या. त्यांतली थोरली, मधली, धाकटी कोणती, ते सासूबाईंनाच कळायचं.

दवाखान्याने बजावून सांगितलं होतं. परक्या अवयवावर शरीराने चाल करू नये म्हणून ज्या गोळ्या दिल्या होत्या, त्या शरीराच्या सगळ्या पहारेकऱ्यांना झोपवतात. चोर घरात शिरला तरी कुणी उठणार नाही. कच्चं खायचं नाही, मातीत हात नाही, जनावरं पाळायची नाहीत. सूनबाईने ते सगळं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं होतं. पक्ष्यांचं ठरलं तेव्हाही तिची एकच अट होती: मध्ये काच असायची.

काच आधी बोटभर सरकली. खिडकीला वाफ धरते, सासूबाई म्हणाल्या. मग चार बोटं. सूनबाईला दिसत होतं. लापशीची वाटीही दिसत होती. तिने एका डोळ्याने पाहिलं आणि दुसऱ्याने कानाडोळा केला.

“हात धुवा हं आई,” ती त्या सकाळी दुसरी बाही चढवत एवढंच म्हणाली.

“धुते ग शास्त्रीणबाई. साबणाची वडी माझ्या नावावर लिहून ठेव.”

तबकाचाही घरात एक नेम होता. पाहुणे उठल्याशिवाय पान उचलायचं नाही. सासूबाईंच्या घरी ती कायमची शिस्त. जेवणारा बसलेला असताना कुणी ताट हलवलं, तर त्या महिनाभर बोलायच्या नाहीत. तबक संपत आलं की वरून ओतायचं, रिकामं दिसू द्यायचं नाही, आणि कुणी ना कुणी बसलेलं असताना काढायचं तर नाहीच. आणि विहीणबाई कधी उठायच्याच नाहीत.

“तुझी आई आपल्या लग्नात अशीच बसली होती,” नवरा एकदा म्हणाला.

“माझ्या आईवर जाऊ नकोस,” सूनबाई म्हणाली. “तुझे मामा दोन पंगती झाल्या तरी उठले नव्हते.”

“अरे, तुम्ही दोघं भांडा, पण खिडकीपासून लांब,” सासूबाई म्हणाल्या. “पाहुण्यांपुढे शोभत नाही.”

तेव्हा तिघंही हसली होती. तबकाच्या तळाशी काय आहे, हे थंडी पडल्यापासून कुणी पाहिलं नव्हतं.

*

पिवळीनंतर दुसरी आली, मग आणखी एक. सूनबाई सकाळी चहा घ्यायची तेव्हा सासूबाईंच्या मनगटावर एखादी बसलेली असायचीच. अर्धवट मिटलेले डोळे. मध्येच चोच उघडायची, मिटायची, गळ्यापाशी काही अडकल्यासारखी मान ताणायची. सासूबाई तिच्या पाठीवरून बोट फिरवायच्या आणि ती फिरवू द्यायची.

“रानातलं पाखरू ग,” त्या म्हणायच्या. “कुणावर विश्वास टाकत नाही. आणि बघ कशी माहेरी आल्यासारखी झोपते.”

“थंडीने होत असेल,” सूनबाई म्हणाली. “भूक लागली की भीती मरते.”

तिने हे सांगितलं आणि स्वतःही मान्य केलं. पण त्यांच्या पुढ्यात दाणे होते. भुकेलेला पक्षी दाणा सोडून डुलक्या का घेईल, हा प्रश्न तिच्या मनात आला होता. प्रयोगशाळेत असा प्रश्न आला असता तर तिने हातातलं काम टाकून उत्तर शोधलं असतं. घरी तिने कप विसळला.

एका सकाळी अंगणात ती गाडीवरचा बर्फ झाडत होती. तबकाखाली एक पिवळी बर्फावर बसली होती. सूनबाईने गाडीचं दार धाडकन लावलं. हवालदार उडाला, विहीणबाई धडपडत छपरावर गेल्या. खालची पिवळी हलली नाही. सूनबाई दोन पावलं जवळ गेली. मग आणखी दोन. बुटाचं टोक टेकेल इतकी जवळ गेली तेव्हा त्या पक्ष्याने डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

तिने वर पाहिलं. खिडकीत सासूबाई उभ्या होत्या, तिच्याकडे बघत. त्यांनी हाताने खूण केली: जा, उशीर होतोय.

ती गेली. संध्याकाळी परतल्यावर पहिल्यांदा खांबाखाली पाहिलं. तिथे काहीच नव्हतं, फक्त बर्फावर कुणीतरी झाडू फिरवल्यासारखं दिसत होतं.

“उडाली ग,” सासूबाई म्हणाल्या. “तू गेलीस आणि उडाली. तुला घाबरून बसली होती बिचारी.”

“तुम्ही बाहेर गेला होतात?”

“मी कशाला जाते? पाय बघ माझे, घसरले तर तुम्हीच मला उचलायचं.”

थवा विरळ होत चालला होता. सूनबाईला वाटलं, थवे जागा बदलतात. विचारलं तर सासूबाई म्हणायच्या, “सकाळी मस्त आल्या होत्या, तुझ्या वेळेला थांबतील का त्या?” त्यांनी शिवणयंत्रावरचं झाकण काढलं होतं, त्याचंच सूनबाईला जास्त कौतुक वाटलं. दुपारी दुपारी काही शिवत बसतात, असं नवरा म्हणाला. काय शिवतेस, असं त्याने विचारलं तर म्हणे, चिंध्या जोडतेय, रिकामे हात बरे दिसत नाहीत.

*

त्या आठवड्यात डेअरीतल्या शीतगृहाचं यंत्र बिघडलं आणि सूनबाई दुपारीच घरी आली. दारात बर्फ होता म्हणून फावडं घेतलं. दारातला काढून झाला, तेव्हा वाटलं, कुंपणाकडची वाटही मोकळी करावी. बंबाचा धूर बाहेर टाकणारी नळी तिथून निघते, ती बुजता कामा नये. कुंपणाच्या झुडपाखाली फावडं घातलं आणि बर्फाबरोबर काहीतरी निळं वर आलं.

कापडाची पिशवी होती ती. तळहाताएवढी, अस्तराच्या निळ्या साटीनची. तोंड हाताने शिवलेलं, आतून घेतलेले बारीक, एकसारखे टाके. हे टाके तिच्या स्वतःच्या लग्नातल्या कपड्यांच्या काठाला होते. या घरात ते दुसऱ्या कुणाचे असूच शकत नव्हते.

पिशवीला वजन जवळजवळ नव्हतंच. थिजल्यामुळे ती कडक झाली होती. सूनबाईने हातमोजा घट्ट केला आणि टाके उसवले.

आत पिवळी होती. चोचीपाशी ओलावा वाळलेला, शेपटीखालची पिसं चिकटलेली, घसा फुगलेला.

तिने फावड्याच्या टोकाने हळूहळू बर्फ सारला. झुडपाच्या मुळाशी ओळीने पिशव्या होत्या. निळ्या, राखाडी, फुलाफुलांच्या एका जुन्या परकराच्या. प्रत्येकीचे टाके तितकेच नीट. एक जरा मोठी होती. तिच्यात लाल छाती होती.

सूनबाई उठून तबकाकडे गेली. पहिल्यांदाच तिने वरच्या स्वच्छ बियांमध्ये हात घातला आणि तळ खरवडला. खाली बोटभर जाडीचा काळपट थर होता. ओल्या बियांना मोड आलेले, त्यांच्यात विष्ठा कालवलेली, तिच्यावर नव्या बिया, पुन्हा विष्ठा. वरून वाढलेलं आणि कधीच न उचललेलं पान. हे जर दुधाच्या टाकीत असतं तर तिने टाकी सील केली असती. त्या थरात काय वाढत असणार, ते तिला पाठ होतं. कोणत्या पक्ष्यांना ते आधी गाठतं, तेही कुठेतरी वाचलेलं होतं. पिसं फुलवून बसतात, गिळता येत नाही, उडायची ताकद राहत नाही. मग माणूस जवळ आला तरी ते जागचे हलत नाहीत, आणि लोकांना वाटतं, माणसाळले.

आणि सासूबाई त्यांना तळहातावर घेत होत्या. मेल्यावर उघड्या बोटांनी उचलत होत्या, सुईदोऱ्याने पिशवीत शिवत होत्या. सुई बोटाला कितीदा टोचते, हे शिंप्याला विचारायला नको.

*

सासूबाई खिडकीशी शाल गुंडाळून बसल्या होत्या. खिडकी बंद होती.

सूनबाईने बूट काढले नाहीत. निळी पिशवी ओट्यावर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली.

सासूबाईंनी पिशवीकडे पाहिलं.

“टाके उसवलेस,” त्या म्हणाल्या. “एवढे बारीक घातले होते.”

“आई, कधीपासून?”

“तू म्हणशील तेव्हापासून.”

“हे मला सांगायला नको होतं?”

“सांगून?” सासूबाई म्हणाल्या. “सांगितलं असतं तर तू संध्याकाळी तबक काढलं असतंस. फिनेल ओतलं असतंस, खांब उपटला असतास. बरोबरच केलं असतंस. तुझं कधी चुकतं का? मग मी त्या खुर्चीत बसून भिंत पाहायची. माझ्या पोटात पोराचं काळीज आहे—”

“मूत्रपिंड.”

“तुझ्या लेखी मूत्रपिंड. ते वाया जाऊ नये म्हणून सगळे मला काचेत ठेवता. मग एक जीव येऊन हातावर बसतो, ग. त्याला माहीत नसतं मी आजारी आहे.”

“तोच आजारी होता.”

सासूबाईंनी शाल आणखी लपेटून घेतली. मग म्हणाल्या, “ते मला दुसरीच्या वेळीच कळलं. एवढी मी खुळी नाही. म्हटलं, मरताना तरी कुणाच्या हातात असावं.”

सूनबाईने ओट्याकडे वळताना कोपर लागून पातेल्याचं झाकण खाली पडलं. ते फरशीवर बराच वेळ घणघणत फिरत राहिलं. सूनबाई स्वतः दचकली. सासूबाई दचकल्या नाहीत. त्यांनी खांदे वर ओढून घेतले होते, मान शालीत रुतली होती, पापण्या अर्ध्या खाली आलेल्या. सूनबाईने हातमोजे उपसून फेकले, हात धुतले आणि एक त्यांच्या कपाळावर ठेवला.

हात तिने लगेच काढला नाही. काढला असता तर तो किती भाजला, ते त्यांना कळलं असतं.

“कधीपासून हे?”

“परवा जरा कसकस होती. पोटही बिघडलंय. थंडीचे दिवस आहेत, होतं.” मग हळूच म्हणाल्या, “त्याला सांगू नकोस. त्याने पोट फाडून दिलंय. मी ते पाखरांवर उधळलं असं त्याला वाटेल.”

सूनबाईने फोन उचलला आणि आधी दवाखान्याला लावला, मग नवऱ्याला.

*

दवाखान्यात बिछान्याशेजारी नर्स उभी होती. रक्त काढून झालं होतं, सलाईन लावून झालं होतं. ती विचारत होती ते रोजचेच प्रश्न होते. बाहेरचं खाल्लं? कच्चं काही? घरात जनावरं, पक्षी?

“नाही,” नवरा म्हणाला. तो कामाच्याच कपड्यांत आला होता, बोटांना काजळी होती. “पक्षी येतात, पण खिडकीबाहेर. काच असते मध्ये.”

सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. सूनबाईला दिसलं, पापण्यांखाली बुबुळं हलली.

“काच नव्हती,” सूनबाई म्हणाली. “हातावर घेत होत्या. आजारी पक्षी. मेलेलेही हाताळलेत. साल्मोनेलाचा जंतुसंसर्ग असेल असं समजूनच औषध सुरू करा, अहवालाची वाट बघू नका.”

नर्सने पेन थांबवलं, तिच्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

नवऱ्याचा डावा हात नकळत कुशीवर गेला, जिथे टाक्यांचा व्रण होता, आणि तिथेच राहिला.

“तुला माहीत होतं?” त्याने विचारलं. आईला नव्हे, बायकोला.

“हातावर बसायचे ते माहीत होतं.”

“आणि?”

“आणि त्या जेवत होत्या.”

“तिला कशाला बोलतोस?” सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा पडला होता. “ती हात धुवा म्हणाली होती. मी धूतही होते.”

त्याने आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. ते आधीच सारखं होतं.

*

सकाळी सूनबाई एकटीच घरी आली. नवरा तिथेच थांबला होता. तिने नाकातोंडाला फडकं बांधलं, रबरी हातमोजे चढवले आणि तबक खांबावरून काढलं. त्यावर कुणीही बसलेलं नव्हतं. काळा थर, बिया, चरबीचा गोळा, सगळं दुहेरी पिशवीत भरून तोंड बांधलं. खांबाखालचा बर्फ खरवडून तोही भरला. झुडपाखालच्या पिशव्या उचलताना तिचा हात जरा अडला. कापडाला टाके इतके नीट होते, की त्या कचऱ्यात टाकायच्या वस्तू वाटत नव्हत्या. तिने त्या जमीन फोडून खोल पुरल्या. जमीन दगडासारखी कडक होती, त्याला बराच वेळ लागला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

“ताप तसाच आहे,” नवरा म्हणाला. “रक्तात उतरलंय म्हणतात. तू म्हणालीस तेच. मूत्रपिंडाचे आकडे बिघडायला लागलेत. नव्या औषधाला अजून वेळ द्यायला हवा म्हणाले.”

“हो. वेळ लागतो.”

“तू काढलंस ना ते?”

“काढलं.”

“आई शुद्धीवर आहे. मघापासून एकच विचारतेय. आज कोण आलं होतं.”

सूनबाईने अंगणाकडे पाहिलं. रिकामा खांब. कुंपण. तिच्या बुटांपासून हातभर अंतरावर, नुकत्याच खरवडलेल्या जागी, एक पिवळी येऊन बसली होती. ती कधी आली ते सूनबाईला कळलं नव्हतं. पिसं फुलवलेली होती. सूनबाईने पाय सरकवला. ती उडाली नाही.

“एक आहे,” ती म्हणाली.

“कोण? तिला नाव सांगावं लागेल.”

“धाकटी असेल.”

फोन बाजूला झाला. पलीकडे नवऱ्याचा आवाज, मग खूप लांबून दुसरा, शब्द न कळणारा. मग तो परत फोनवर आला.

“विचारतेय, ठीक आहे ना ती.”

सूनबाई खाली वाकली. पक्ष्याने डोळा उघडला, तिच्याकडे पाहिलं आणि डोळा सावकाश मिटून घेतला. तिला खोटं बोलता येत नव्हतं. खरं बोलायला जीभ रेटत नव्हती.

“बसली आहे म्हणावं,” ती म्हणाली. “शांत बसली आहे.”